शेजारची सीट

सिग्नल हिरवा झाला तरी सिरिलने गाडी हलवली नाही. झालं ते एवढंच. शनिवारची दुपार होती, लेस्टरच्या बाजारातून दोघं घरी निघाली होती, एनिडच्या मांडीवर फ्लॉवरचा गड्डा होता आणि रस्त्याच्या कडेचा दिवा हिरवागार होऊन ताटकळत उभा होता. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मग त्याच्याही मागच्याने दिला. सिरिल टेबट म्हणजे निम्म्या लेस्टरला गाडी शिकवलेला माणूस. त्याच्यावर हॉर्न ऐकून घ्यायची वेळ कधी येत नसे. तो मान किंचित वाकडी करून, कोंबडी दाणा शोधते तसा, समोर काहीतरी शोधत होता. “हिरवा झाला,” एनिड म्हणाली. “दिसतंय मला,” तो म्हणाला, आणि मग त्याने मान आणखी वळवली, दिवा त्याला सापडला आणि गाडी निघाली. घरी पोहोचल्यावर फ्लॉवर ओट्यावर ठेवताना एनिडच्या लक्षात आलं की त्याच्यात तिच्या बोटांचे खड्डे पडले आहेत.

तिचा पायही दुखत होता. उजवा, पोटरीपासून खाली. त्या पायाची एक वेगळीच गोष्ट होती आणि ती सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ होती. लग्न झाल्यापासून एनिड शेजारच्या सीटवर बसत आली होती, आणि सिरिल चालवत असताना समोर काही आडवं आलं की तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. तिथे दाबायला काही नव्हतं. सिरिलच्या ड्रायव्हिंगच्या शाळेच्या गाडीत त्या बाजूला मास्तरांसाठी दुसरा ब्रेक होता, पण घरच्या गाडीत तो कशाला असेल? तरी पाय दाबत राहिला. पहिल्या मॉरिस गाडीच्या गालिच्याला त्या जागी भोक पडलं, मग ऑस्टिनचंही तेच झालं, आणि आत्ताच्या एस्कॉर्टमध्ये सिरिलने आधीच रबराचा तुकडा चिकटवून ठेवला होता. नाताळच्या जेवणात टर्की कापता कापता तो हमखास हे सांगायचा, आणि गाडीत तिचा पाय दाबला गेलेला दिसला की दर वेळी तेच एक वाक्य म्हणायचा, “तिथं ब्रेक नाहीये, बदके.” लेस्टरात ज्याला त्याला बदक म्हणतात, खाटीकसुद्धा गिऱ्हाइकाला म्हणतो, त्यात विशेष काही नाही. सगळे हसायचे. मग कोणीतरी विचारायचंच की घरात एवढा मास्तर असून एनिड स्वतः का नाही शिकली. “भीती वाटते तिला,” सिरिल सांगायचा. प्रेमाने सांगायचा. तीस वर्षं एखादी गोष्ट प्रेमाने सांगत राहिलं की ती खरी व्हायला फारसं काही लागत नाही. एनिड स्वतःही तेच सांगायला लागली होती. दवाखान्यात, चर्चच्या मदतविक्रीत, नव्या शेजारणीला: मी नाही बाई चालवत, मला भीती वाटते.

सिरिलने सांगितलं ते पुढच्या आठवड्यात, नाश्त्याच्या वेळी, टोस्टवर मार्मलेड फासता फासता. काचबिंदू. मधलं दिसतं, कडेचं विझत चाललंय. डॉक्टरने महिनाअखेरीला गाडी बंद करायला सांगितली होती. दुधाचे पैसे द्यायचे राहिलेत, अशा सुरात त्याने हे सांगितलं आणि टोस्टचा तुकडा मोडला. एनिडने विचारलं, कधीपासून? तर वर्ष झालं असेल, म्हणाला. म्हणजे वर्षभर हा माणूस बाजूच्या सीटवर बसून पोराटोरांना वळणं शिकवत होता. “आणि तू शिकवत होतास?” “मुलं बघत होती की समोर,” सिरिल म्हणाला. एनिडला हसू आलं आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात सणक गेली. त्याला टोस्टसकट खुर्चीवरून ढकलून द्यावं असं तिला वाटलं, आणि त्याचं डोकं पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्ही एकदम करता येत नाही म्हणून तिने किटली उचलली. त्यांचं घर गावाबाहेर, बस तासातासाने येणार, रविवारी तीही नाही. यापुढे सगळं त्या बसच्या मर्जीने. दुकान, डॉक्टर, नॉटिंगहॅमची बहीण, समुद्र. आणि किटली हातात असतानाच, कोणी दुसऱ्याच बाईने म्हणावं तशी ती म्हणून गेली, “मी शिकते.” सिरिलने तिच्याकडे बघितलं, म्हणजे मान वळवून बघितलं, आणि तो हसला. तुच्छतेने नाही. तसा हसला असता तर बरं झालं असतं. “सत्तावन्नाव्या वर्षी? अगं, तुला भीती वाटते, बदके.” मग त्याने बशीखालून एक रंगीत माहितीपत्रक ओढून काढलं. कालव्यावरच्या बोटी. आठवडाभर भाड्याने घ्यायची, स्वतःच चालवायची, आतच राहायचं. आपण कधी गेलो नाही, तो म्हणाला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, “बोटीला लायसन्स लागत नाही.”

एनिड जायला तयार झाली. माणसाला शेवटचं एकदा काहीतरी चालवायचं होतं, यात न कळण्यासारखं काय होतं? पण त्या आठवड्यात भांडी घासताना, पडदे सारताना, ती मनातल्या मनात एकच वाक्य उलटसुलट करत राहिली: मला भीती वाटते. जिभेवर ठेवून बघितलं तर त्याला काहीच चव नव्हती.

बोटवाला जाड जर्सी घातलेला, मोठ्या मिशांचा होता, आणि त्याने सगळं सिरिलला शिकवलं. साहेब, हे इंजिन. साहेब, हा सुकाणूचा दांडा, तो डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे वळतं आणि उजवीकडे ढकलला की डावीकडे. साहेब, समोरून बोट आली की आपण उजव्या बाजूने जायचं, रस्त्यासारखं डावीकडून नाही. आणि ब्रेक नाही. उलटा गिअर टाकायचा आणि वाट बघायची, तिची ती थांबेल. सिरिल प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. तीस वर्षं दुसऱ्यांना मान डोलवायला लावलेल्या माणसाची ती मान, तिच्यात ऐकण्याचा भाग थोडाच होता. शेवटी बोटवाला एनिडकडे वळला आणि त्याने तिच्या हातात एक वाकडा जड लोखंडी दांडू ठेवला. लॉकची, म्हणजे कालव्यातले पाणदरवाजे उघडायची, चावी. “बाईंसाठी,” तो म्हणाला. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे कालव्याकाठाने दिवसभर चाला, दुसरं काही दिसायचं नाही: पुरुष मागे दांडा धरून उभा, चेहऱ्यावर आरमार सांभाळत असल्याचा भाव, आणि बाई काठावरून पळतेय, चावी फिरवतेय, ढुंगणाने दरवाजा ढकलतेय. बायकोला मजा येते असंच प्रत्येक नवरा सांगतो. एनिडने चावी दोन्ही हातांनी धरली. ती चांगली वजनदार होती, आणि मनात आलं की एखाद्याच्या डोक्यात घालायलाही बरी आहे.

बोटीचं नाव ‘प्रिम्रोझ’. लांबलचक, दोन माणसांना आत एकमेकांना ओलांडायचं तर एकाने पोट आत ओढावं लागेल एवढी अरुंद, आणि इतकी सावकाश की बदकं मागून यायची आणि मागे वळूनही न बघता पुढे निघून जायची. पहिल्या दुपारी सिरिलने तिला काठच्या झुडपात दोनदा घातलं. वळण आलं की त्याचे हात गाडीच्या चाकासारखे वळत आणि बोटीचं नाक बरोबर उलटीकडे जाई. “आरसा, इशारा, मग वळण,” तो पुटपुटे. आरसा नव्हता. इशारा कोणाला करायचा, काठावर गाई होत्या. आणि झुडूप जवळ आलं की त्याचा उजवा पाय पत्र्यावर आपटे, धप्प, एकदा, दोनदा. एनिड पुढे टोकाला बसून, फांद्या बाजूला सारायला हातात काठी धरून, ते ऐकत होती. तिला गंमत वाटत होती, आणि कसलीशी लाजही. त्याची नव्हे. एवढी वर्षं जो आवाज आपला म्हणून सगळे ओळखत होते, तो कोणाचाही असू शकतो, याची.

दुसऱ्या दिवशी लॉक आले, एकापाठोपाठ एक, टेकडीवरून उतरणाऱ्या पायऱ्यांसारखे. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, चावीने खालची झडप उघडायची, पाणी उतरायला लागलं की बोट आपली खोल खोल जात राहते, मग पुढचा दरवाजा उघडायचा. तिथे एक पब होता, आणि पब म्हटला की प्रेक्षक आलेच. हातात बिअरचे मग, पायाशी कुत्री, आइस्क्रीम चाटणारी कुटुंबं. कालव्यावर नवखी माणसं काय करतात ते बघायला लोक गाड्या काढून येतात. एनिडने चावी बसवली, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फिरवली, आणि पाणी खाली धडधडायला लागलं तसं ते तिच्या पावलांतून छातीपर्यंत चढलं. सिरिल खालून, ओलसर काळ्या भिंतींच्या मधून, वर बघत होता आणि तिला सूचना देत होता. हळू. अजून. थांब. प्रेक्षकांतला एक टक्कल पडलेला गृहस्थ त्याच्याशी बोलला, छान चालवताय, म्हणाला. एनिड त्या गृहस्थापासून हातभर अंतरावर घामाने निथळत होती. तिला वाटलं, सिरिल असाच पाण्याबरोबर खाली जात राहिला तर? दरवाजा उघडलाच नाही तर? असले विचार चांगल्या बायकांच्या मनात येत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिने तो विचार तसाच राहू दिला.

मग तिने दरवाजाच्या लांब लाकडी तुळईला पाठ लावली, टाचा विटांत रोवल्या आणि ढकलायला सुरुवात केली. पहिल्यांदा काहीच होत नाही. भिंतीला पाठ लावून उभं राहिल्यासारखं. मग कुठेतरी, हाडांच्याही मागे, काहीतरी सुटतं आणि तो एवढा अवजड दरवाजा तुमच्या पाठीवर रेलून, जणू स्वतःहून, चालायला लागतो. आपण चालवतोय आणि आपल्यापेक्षा फार मोठं काहीतरी हलतंय, हे तिच्या पाठीला एकदम ओळखीचं वाटलं. मॉरिसच्या सीटची पाठ. चामड्याचा वास, उन्हाने तापलेला. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष, महायुद्धानंतर ओस पडलेला विमानतळ, सिमेंटच्या भेगांतून उगवलेलं गवत, धावपट्टीवर मेंढ्या. सगळ्या काउंटीतले लोक तिथेच गाडी शिकायचे. सिरिल शेजारी बसला होता. आणि ती, सत्तावीस वर्षांची, डोक्याला निळा रुमाल बांधलेली, तिसऱ्या गिअरमध्ये होती. रुमालाची टोकं कानाशी फडफडत होती. मेंढ्या दोन्ही बाजूंना पांगत होत्या. पुढे काय झालं? नाताळच्या टेबलावरच्या गोष्टीत पुढे हे होतं की एनिड घाबरली, गाडी गरकन फिरली आणि तिने परत चाकाला हात लावला नाही. एनिडने तुळईला पाठ लावून तो क्षण शोधला, घाबरल्याचा. सापडला नाही. रुमाल होता, मेंढ्या होत्या, वारा होता. भीतीच्या जागी नुसतंच भोक, गाडीतल्या गालिच्याला पडलेलं तसं. सिरिलने खालून हाक मारली, झोपलीस काय, बदके, पूर्ण उघड. प्रेक्षक हसले. एनिडने दरवाजा पूर्ण उघडला.

धडक त्याच दुपारी झाली. एका वळणावर समोरून बोट आली. तोंडात पाइप धरलेला एक म्हातारा चालवत होता आणि त्याच्या बोटीच्या टपावर जिरॅनियमच्या कुंड्या होत्या. सिरिलला ती दिसली तेव्हा ती अगदी मधोमध आलेली होती, कारण कडेने येणारं त्याला आता दिसतच नव्हतं. आणि दिसल्याबरोबर त्याने तेच केलं जे कोणताही सभ्य इंग्रज रस्त्यावर करेल, जे त्याने निम्म्या शहराच्या हाडांत मुरवलं होतं: तो डावीकडे गेला. “उजवीकडे, साहेब,” म्हातारा म्हणाला, “इथं उजवीकडे,” आणि ‘प्रिम्रोझ’ने त्याच्या बोटीच्या नाकावर नाक नेऊन आपटलं. आत कपाटातल्या बशा खाली आल्या, चहाची चिनी मातीची किटली फुटली, एक कुंडी पाण्यात गेली. आमच्याकडे धडक कोणाचीही असो, माफी दोघं मागतात, दोघांनी मागितली. म्हाताऱ्याने सिरिलकडे जरा निरखून बघितलं आणि मग त्याच्याऐवजी एनिडकडे बघून मान हलवली. त्या मान हलवण्यात कीव होती. सिरिलचा पाय पत्र्यावर अजून आपटत होता, बोटी एकमेकींपासून सुटल्या तरी, धप्प, धप्प. एनिडने पाण्यात वाकून कुंडी काढायचा प्रयत्न केला, पण ती बुडाली.

संध्याकाळी त्यांनी बोट काठाला बांधली. एनिडने बेकन तळलं, डब्यातले वाटाणे गरम केले, किटली नव्हती म्हणून चहा पातेल्यात केला. सिरिल नेहमीपेक्षा व्यवस्थित जेवत होता, काटा आणि सुरी बशीच्या बरोबर मधोमध आणून. मीठ त्याच्या डाव्या हाताशी होतं आणि तो ते शोधत होता. तिने ते सरकवलं नाही. आपण एवढ्या दुष्ट कधी झालो, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि उत्तर द्यायच्या भानगडीत ती पडली नाही. मग त्याला मीठ सापडलं. तो म्हणाला की उद्या बोगदा आहे, टेकडीच्या पोटातून जातो, लांब आहे, दोन बोटी शेजारून जेमतेम जातील एवढा रुंद. मजा येईल. एनिडने विचारलं, अंधारात तुला दिसेल का? तो म्हणाला, बोगद्यात सगळं मधोमधच असतं. हे तो विनोद म्हणून म्हणाला आणि ती हसली नाही. पूर्वी ती हसली असती; तिचं हसणं हे त्याच्या विनोदाचं शेवटचं वाक्य असायचं.

बोगद्याचं तोंड सकाळी आलं. कालवा दोन उंच काठांच्या मधे शिरला, दोन्हीकडून ब्लॅकबेरीची काटेरी जाळी उतरत होती, हवा एकदम गारठली, आणि पुढे विटांची कमान आणि तिच्यात काळोख. सिरिलने इंजिन मंद केलं, पुढचा दिवा लावला. कमानीतून गार वारा येत होता, न उघडलेल्या तळघराचा असतो तसा. एनिड पुढून उठून बोटीच्या टपावरून मागे आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. टपावरून, त्याच्या डोक्याच्याही वरून, तिला त्याचे हात दिसत होते. दांड्यावर होते. थरथरत होते. आणि ते हात बघताक्षणी विमानतळावरची ती जागा, गालिच्यातली ती भोकाची जागा, भरून आली.

ती घाबरली नव्हती. ती हसत होती. धावपट्टी संपायला अजून बराच अवकाश होता आणि तिला त्या टोकापर्यंत जायचं होतं, एवढंच. सिरिल हळू म्हणाला होता, तिने ऐकलं होतं, आणि पाय आणखी दाबला होता, कारण एवढं चांगलं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मग त्याने हातब्रेक ओढला. गाडी गरकन फिरली, गवतात जाऊन थांबली, आणि सगळीकडे मेंढ्यांचं बेंबें. तिने हसतच त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा. त्याने सिगरेट ओठात धरली आणि काडी ओढली, काडी मोडली, दुसरी ओढली, तीही मोडली. हात इतके कापत होते. नवा नवरा, नुकतीच ड्रायव्हिंगची शाळा काढलेला. “घाबरलीस तू,” तो म्हणाला होता. विचारलं नव्हतं. आणि तिने त्या मोडलेल्या काड्यांकडे बघून म्हटलं होतं, हो. त्याला द्यायला त्या क्षणी तिच्याकडे तेवढंच होतं, आणि तिने ते देऊन टाकलं. मग ती उतरली, गाडीला वळसा घालून पलीकडे गेली आणि शेजारच्या सीटवर बसली. आणि जी भीती तिची नव्हती ती तिच्या पायात शिरून तीस वर्षं राहिली.

“दांडा माझ्याकडे दे,” एनिड म्हणाली.

सिरिलने वर बघितलं. “बोगदा आहे, एनिड. आत भीती वाटली तर थांबता येणार नाही.”

“मला भीती वाटत नाही.”

“अगं, तुला—”

“मला कधीच वाटली नाही. विमानतळावरही नाही. घाबरला होतास तू. तुझी काडी पेटत नव्हती, म्हणून मी हो म्हटलं.”

इंजिन टकटकत राहिलं. सिरिल नाकारणार, हसणार, बदके म्हणणार, असं तिला वाटलं होतं आणि त्या सगळ्यासाठी ती तयार होती. त्याने तसलं काही केलं नाही. त्याला आठवत होतं. एवढी वर्षं त्याला आठवत होतं हे तिला त्याच्या खांद्यांवरून कळलं, आणि ते कळणं भयंकर होतं. ती टपावरून खाली उतरून त्याच्याशेजारी उभी राहिली तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, “एवढं तरी राहू दे माझ्याकडे. शेवटचं आहे.”

एनिडला रडू आलं. तिला हा माणूस आवडत होता. त्याचे बाजूने उडालेले केस, त्याची इस्त्रीची पँट, बोटीवरसुद्धा. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिने ते त्याच्याकडे राहू दिलं असतं. तिने जन्मभर तेच केलं होतं, आणि त्याला लोक तिचा स्वभाव म्हणायचे. आता तिने नाही म्हटलं तर ती एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाच्या हातून शेवटची वस्तू काढून घेणारी बाई ठरणार होती. ठरू दे. तिने बाहीने नाक पुसलं.

“तुझं शेवटचं आहे,” ती म्हणाली. “माझं पहिलं आहे. सरक.”

तो सरकला. मागच्या बाजूला उभं राहायला जागा एकाच माणसापुरती. दुसऱ्याने आत उतरणाऱ्या पायरीवर, शेजारी उभं राहायचं. सिरिल तिथे जाऊन उभा राहिला. दांड्यावर त्याच्या हातांची ऊब होती. एनिडने वेग वाढवला आणि ‘प्रिम्रोझ’ कमानीखाली शिरली, आणि पहिल्याच झटक्याला डाव्या भिंतीवर जाऊन खरवडली.

खोटं कशाला सांगा, तिने वाईट चालवली. डाव्या भिंतीवरून सुटली ती उजव्या भिंतीवर गेली, तिथून परत डावीकडे. विटा लोखंडाला घासल्याचा आवाज सगळ्या टेकडीच्या पोटातून फिरून यायचा. वरून थेंब मानेत पडत होते, बर्फासारखे. पुढचा दिवा ओल्या विटांचा एक पिवळा तुकडा दाखवायचा आणि त्याच्यापलीकडे काही नाही. बाजूचा रंग जात असणार. जाऊ दे. बोटवाला मिशीवर हात फिरवून सिरिलला बिल सांगेल, साहेब, म्हणेल, आणि ती म्हणेल, मी घासली, माझ्याशी बोला. हे वाक्य तिला एवढं आवडलं की ते तिने तिथेच, इंजिनच्या आवाजात, मोठ्याने म्हणून बघितलं. हळूहळू तिला कळायला लागलं की दांड्याला थोडंसंच सांगायचं असतं, आणि सांगून झालं की बोटीला समजायला वेळ द्यायचा असतो. मागचं अर्धगोल उजेडाचं तोंड नाण्याएवढं झालं होतं. भीती? तिने पुन्हा शोधली. या वेळीही सापडली नाही; सापडलं ते विमानतळावरचं हसू.

मग समोर दिवा दिसला. बोगद्याच्या आतच, आधी ठिपका, मग डोळ्यात खुपणारा गोळा, त्यांच्याकडेच येणारा. दुसरी बोट. सिरिललाही तो दिसला, तो मधोमधच होता. “डावीकडे घे,” तो म्हणाला. आणि लगेच मोठ्याने, त्या आवाजात, ज्या आवाजाने निम्म्या लेस्टरने चौकात पाय आवरले होते, “एनिड, डावीकडे! डावीकडे घे!” आणि तिचे हात निघाले. लाज वाटावी इतक्या तत्परतेने निघाले, हो म्हणायला, वळसा घालून पलीकडे जाऊन बसायला. तिने त्यांना मधेच धरलं. दांडा डावीकडे ढकलला, आणि बोटीचं नाक जड, सावकाश, तिचं ऐकून उजवीकडे वळलं. उजवी भिंत खरवडत आली. समोरचा उजेड आधी तिच्या तोंडावर आला आणि मग डाव्या बाजूने सरकत गेला, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावरून, एक पूर्ण लांब बोट, तिच्या खिडक्यांचे पडदे, कोणाचा तरी वाळत घातलेला टॉवेल. “मॉर्निंग,” अंधारातला एक पुरुषी आवाज म्हणाला. “मॉर्निंग,” एनिड म्हणाली.

पाणी ठिबकत होतं. शेवटी सिरिलने घसा साफ केला. “इतका घट्ट धरू नकोस,” तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण मास्तरचा होता. “हात दुखतील. नुसता तळवा ठेव.” एनिडने बोटं सैल केली. खरंच बरं वाटलं. घरी गेल्यावर एस्कॉर्टला शिकाऊची पाटी लाव, माझ्यासाठी, असं तिने त्याला सांगितलं, आणि तो काय म्हणाला ते इंजिनच्या आवाजात नीटसं ऐकू आलं नाही. नाही म्हणाला नाही, हे मात्र ऐकू आलं.

पुढे बोगद्याला किंचित वळण होतं. भिंत पिवळ्या उजेडात अंगावर येत असल्यासारखी दिसली, आणि एनिडला शेजारून आवाज आला. धप्प. जरा थांबून पुन्हा, धप्प. पायरीच्या पत्र्यावर, उजव्या पायाचा. तिने बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. तो आवाज तिला आतून ठाऊक होता, पोटरीपासून खाली, मॉरिसपासून एस्कॉर्टपर्यंत.

“तिथं ब्रेक नाहीये, बदके,” ती म्हणाली.

पाय थांबला. थोडा वेळ थांबून पुन्हा सुरू झाला. वाजू दे, एनिडला वाटलं, तिनेही वाजवला होता. आणि तिने वेग आणखी थोडा वाढवला.